काळजी घेतली की मूल बिथरतं, ते का? (अत्याचार सोसलेली मुलं आणि मानसोपचार)

सातरस्ता

सोलापूर, बार्शी, पंढरपूर भागात मुलांसोबत काम करणारे बरेच जण इथे आहेत. समुपदेशक, शिक्षक, बालगृहातले कर्मचारी, वकीलही. म्हणून हा धागा. अट एकच: कुठल्याही मुलाची केस टाकायची नाही, नाव बदलूनसुद्धा. आपल्याकडे पेठ आणि इयत्ता सांगितली तरी घर ओळखू येतं.

विषय असा. मार, लैंगिक अत्याचार किंवा वर्षानुवर्षं हेळसांड सोसलेलं मूल समुपदेशनाला यायला लागतं. सुरुवातीला शहाण्यासारखं वागतं. मग एक दिवस खेळणी फेकतं, चावतं, नाहीतर दारातच बसून राहतं. आई म्हणते, "आधी बरं होतं की हो, इथं आणल्यावर बिघडलं." आणि फायलीत शेरा पडतो: सहकार्य करत नाही.

हा शेरा मला चुकीचा वाटतो. मूल सहकार्यच करत असतं; समोरचा माणूस आपल्याशी चांगला का वागतोय, याचा शोध ते त्याला ठाऊक असलेल्या पद्धतीने घेत असतं. अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीतला असतो. त्यानेच गड्ड्याच्या यात्रेत (सोलापूरची संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा) पाळण्यात बसवलेलं असतं, व्हॅनची फी भरलेली असते, खेळायला मोबाइल दिलेला असतो. यातून मुलाच्या मनात नियम पक्का होतो: जो जवळ घेतो तो नंतर काहीतरी मागतो. समुपदेशक प्रेमाने वागली की मूल त्या मागणीची वाट पाहू लागतं. मागणी येत नाही, वाट पाहणं सहन होत नाही, मग ते स्वतःच भांडण ओढवून घेतं. एकदाचा ओरडा बसला की जग परत ओळखीचं होतं.

सगळी मुलं हाच अर्थ लावतात असं नाही. मारकुट्या घरातल्या मुलाला काळजी म्हणजे पाळत वाटते: "माझ्याबद्दल विचारतायत, म्हणजे घरी सांगणार." आजारी किंवा दारुड्या पालकाला सांभाळणारं मूल उलट समुपदेशकाचीच काळजी घेतं: "मॅडम, तुम्ही दमलाय का?" हे मूल सगळ्यांना गोड वाटतं आणि त्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. हेळसांड झालेल्या मुलाला तर काळजी ही वस्तू वाटते, आज आहे तर साठवून घ्यावी.

तुमच्या कामात हे कसं हाताळता? पायऱ्या, वेळा, सामान, जे असेल ते सविस्तर लिहा.

खेळखोली

चांगला विषय. मी खोलीपासून सुरू करते, कारण मूल माणसाच्या आधी खोली वाचतं.

वार, वेळ, खोली तीच. ४५ ते ५० मिनिटं. मुलाची खुर्ची अशी की दार दिसावं आणि दाराच्या वाटेत आपण नसावं. दाराला काच असेल तर उत्तम. आतलं ऐकू जाऊ नये, पण मोठं माणूस आणि मूल बंद दाराआड आहेत असंही वाटू नये. "पंखा लावू का, दार किती उघडं ठेवायचं?" हे मुलाला विचारायचं. किरकोळ वाटतं, पण ज्याच्या शरीरावरही त्याचा हक्क ठेवला गेला नाही, त्याच्यासाठी हा पहिला खरा निर्णय असतो.

सामान: बाहुलीघर आणि त्यात दोन कुटुंबं पुरतील एवढ्या बाहुल्या, डॉक्टरचा संच, खऱ्या पट्ट्या आणि कापूस, जंगली आणि पाळीव प्राणी, पोलीस गाडी, माती, दोन खेळण्यातले फोन, बाळाची दुधाची बाटली. वाळूचा ट्रे ठेवायचा तर साधारण ५७ बाय ७२ सेंटिमीटर, ७ सेंटिमीटर खोल, आतून निळा. एका नजरेत मावावा म्हणून हे माप. सुताराकडून करून घेता येतो. बॅटरीवर बोलणारी खेळणी नकोत, ती मुलाच्या ऐवजी बोलतात. आणि दर आठवड्याला प्रत्येक वस्तू त्याच जागी. वाघ मागच्या वेळी फडताळात वर होता आणि आज सापडत नाही, तर मुलाच्या लेखी ही खोलीही बेभरवशाची.

आता मुद्द्याचं. या मुलांच्या खेळात काळजी एका ठरावीक वळणाने येते. बाहुलीला पट्टी बांधतात आणि लगेच परत मारतात. बाटलीने दूध पाजतात, मग त्यात "विष" असतं. डॉक्टर इंजेक्शन देतो, पण हसत हसत देतो. नवीन समुपदेशक इथे घाई करतात: "चल, आपण बाहुलीला बरं करू या." करू नये. मूल दाखवतंय की त्याच्या जगात बरं करणारा आणि दुखवणारा हात एकच होता. आपण फक्त दिसेल ते बोलायचं: "पट्टी बांधली. आता परत लागलं. बाहुलीला कळत नाहीये हा डॉक्टर कसला आहे." एवढंच. पुढे कधीतरी मूल स्वतःच दुसरा डॉक्टर आणतं, किंवा बाहुलीला "नको" म्हणायला लावतं. तो बदल त्याचा असावा लागतो.

खेळ महिनाभर हुबेहूब तसाच चालला, सुटका नाही, चेहरा कोरा, श्वास अडकलेला, तर मात्र नुसतं बघत बसू नये. त्या खेळाने मूल हलकं होत नसतं, परत घाबरत असतं. तेव्हा आपण खेळात हळूच शिरायचं: एक माणूस आणायचा, फोन वाजवायचा, "थांबा" म्हणायचं.

दुपारची पाळी

माफ करा, पण एवढं विश्लेषण कशाला? पोराला माया मिळाली नाही, माया द्या. आमच्या आज्या काय वाळूचे ट्रे घेऊन बसायच्या का?

सातरस्ता

@दुपारची पाळी, माया लागतेच. पण ज्या मुलाला मायेच्या आडूनच दुखवलं गेलं, त्याला अधिक माया म्हणजे अधिक धोका. मेरी मेन आणि ज्युडिथ सोलोमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात लहान मुलांच्या निरीक्षणातून हेच मांडलं: ज्याच्याकडे धावत जायचं त्याचीच भीती असेल तर मूल धड जवळ जात नाही, धड पळत नाही, मध्येच थिजतं, पाठमोरं होऊन जवळ सरकतं. समुपदेशनात ऊब वाढली की तीच जुनी ओढाताण जागी होते. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत गळ्यात पडून प्रेम करणाऱ्यापेक्षा ठरल्या वेळी येणारं, थोडं बेताचं माणूस मुलाला जास्त झेपतं.

आणि चेहरा. मानसशास्त्रज्ञ सेथ पोलॅक यांच्या प्रयोगांत मुलांना अस्पष्ट चेहरे हळूहळू स्पष्ट करत दाखवले होते. मारहाण सोसलेल्या मुलांनी राग इतरांपेक्षा लवकर, कमी खुणांवरून ओळखला. घरात जगायला ते कौशल्य लागत होतं. पण म्हणूनच आपला "तटस्थ" चेहरा त्यांना रागीट भासू शकतो. आपण कपाळाला आठी घालून विचार करतो आणि मूल आक्रसतं. उपाय साधा: बोलून दाखवायचं. "मी विचार करतेय. रागावले नाहीये."

दुपारची पाळी

हे पटलं. आजीचा मुद्दा मागे घेत नाही, पण हे पटलं.

मास्तर_बार्शी

शाळेतला प्रश्न. अशी मुलं खिचडी डब्यात भरून नेतात, दुसऱ्याची पेन्सिल उचलतात, आणि कौतुक केलं की वही फाडतात. वर्गात काय करावं?

खेळखोली

खिचडी नेऊ द्या. साठवण्यावर बंदी आणली की साठवणं वाढतं. "उद्याही मिळणार आहे" हे रोज एकाच वाक्यात सांगा आणि खरंच मिळू द्या.

कौतुकाचं असं आहे. "तू किती हुशार आहेस!" हे वाक्य मुलाच्या स्वतःबद्दलच्या समजुतीशी जुळत नाही; ते एक तर तुम्हाला खोटं समजतं, नाहीतर "यांना अजून माझं खरं माहीत नाही" म्हणून घाबरतं. वही फाडून ते खरं दाखवून देतं. त्यामुळे माणसाचं नव्हे, कृतीचं, छोटं, आणि सगळ्यांसमोर नाही: "आज तीनही गणितं पूर्ण केलीस." झालं, पुढे जा. पाठीवर थाप नको. कशाच्या बदल्यात चॉकलेट तर अजिबात नको. ज्याने फसवलं तोही आधी असंच काहीतरी द्यायचा आणि "कुणाला सांगू नको" म्हणायचा.

समुपदेशकांनाही हेच. भेटवस्तू नाही, गुपित नाही, ठरलेल्या वेळेबाहेर खास भेट नाही. पाणी आणि बिस्किटं ठेवायला हरकत नाही, एप्रिल-मेच्या उन्हात मूल बसमधून उतरून येतं. पण ती टेबलावर, सगळ्या मुलांसाठी सारखी, मागावी न लागणारी. हातात देऊन "शहाणा बाळ" म्हणायचं नाही.

काळा कोट

कायद्याची बाजू मांडतो, कारण "काळजी"चा सगळ्यात मोठा तडा इथेच जातो.

पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा, २०१२. कलम १९ नुसार १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं समजलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. समुपदेशकाला, शिक्षकाला, डॉक्टरला, कुणालाच सूट नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड.

अनेक जण मुलाला आधी "इथलं बाहेर जाणार नाही" असं सांगून मोकळे होतात, आणि मग कळवावं लागतं. मूल त्याचा लावायचा तोच अर्थ लावतं: हेही फसवणारच होते. म्हणून पहिल्याच भेटीत, मुलाच्या भाषेत: "तू बोलतोस ते मी सगळ्यांना सांगत नाही. पण तुला कुणी दुखवत असेल, किंवा तू स्वतःला दुखवणार असशील, तर तुला सुरक्षित ठेवायला मला मोठ्यांची मदत घ्यावी लागेल. तेव्हा कुणाला काय सांगणार ते मी आधी तुला सांगेन."

मुलाने सांगितलंच तर चौकशी करू नका. "मग काय झालं?" एवढं पुरे. "काकांनी हात लावला का?" असे तयार उत्तराचे प्रश्न नकोत, पुढे न्यायालयात त्यावरच बोट ठेवलं जातं. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा.

पुढे काय होईल तेही मुलाला सांगा. जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घेता येतो, अधिकारी गणवेशात नसावा, शक्यतो महिला असावी, रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही (कलम २४). साक्षीच्या वेळी आरोपी समोर येणार नाही याची व्यवस्था न्यायालयाने करायची आहे (कलम ३६). बालकल्याण समितीकडून सहायक व्यक्ती (तपास आणि खटल्यात मुलाच्या सोबत राहणारी) मिळू शकते, ती मागून घ्या. आणि "साक्ष होईपर्यंत समुपदेशन थांबवा" असं कुणी सांगितलं तर लक्षात ठेवा, कायद्यात तशी बंदी नाही. फक्त सेशनमध्ये साक्षीची तालीम नको.

सातरस्ता

@काळा कोट, फार कामाचं. याला जोडून: तक्रारीनंतर मूल "मी खोटं बोललो" असं म्हणू शकतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रोलंड समिट यांनी १९८३ मध्येच लिहून ठेवलंय की गुप्तता, असहायता, जुळवून घेणं, उशिरा आणि अडखळत सांगणं, आणि मग सांगितलेलं मागे घेणं, हे या मुलांमध्ये दिसतं. सांगितल्यावर घर मोडलं, आई रडते, कमावता माणूस आत गेला, हे सगळं "माझ्यामुळे" झालं असं मूल धरून चालतं. मागे घेणं हीसुद्धा त्याने घरच्यांची घेतलेली काळजीच असते. पण मागे घेणारं प्रत्येक मूल आधी खरं तेच बोललं होतं असं सिद्ध करायला हे वापरू नये, समिट यांचा तो हेतू नव्हता.

"तुझी काहीच चूक नाही" या वाक्याबद्दलही. हे आपण पहिल्या दहा मिनिटांत बोलून टाकतो आणि मूल मान हलवून मिटून जातं. स्कॉटिश मनोविश्लेषक फेअरबर्न यांनी १९४३ मध्ये दाखवून दिलं की मूल वाईटपणा स्वतःकडे घेतं, कारण मग पालक चांगला उरतो. मी वाईट असेन तर सुधारता येईल. आईबापच वाईट असतील तर आशाच नाही. हा आधार आपण एका वाक्यात काढून घेतो आणि बदल्यात काही देत नाही. आधी विचारा: "हे तुझ्यामुळे झालं असं तुला कधीपासून वाटतं? असं कुणी म्हटलं होतं का?" मग जबाबदारीचं वर्तुळ काढता येतं. कागदावर गोल, त्यात कुणाचा वाटा किती ते मुलाने रंगवायचं. पहिल्यांदा बहुतेक गोल स्वतःच्याच रंगाचा असतो. खोडायचा नाही, तारीख घालून ठेवायचा. काही आठवड्यांनी नवा कागद.

गृहमाता

बालगृहातून लिहितेय. एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही: आमच्याकडची काही मुलं पाहुण्याच्या पाच मिनिटांत मांडीवर बसतात. पाहुण्यांना भरून येतं. हे प्रेम नाही. कुठलाही मोठा माणूस चालेल, कारण कुठलाच टिकत नाही. वाढदिवसाला केक घेऊन येणारे, फोटो काढून जाणारे ही समजूत पक्की करतात.

स्वयंसेवकांना आमचं सांगणं असं: महिन्यातून एकदा, त्याच वारी, सहा महिने येणार असाल तर या. उचलून घेऊ नका, शेजारी बसा. "परत येईन" म्हणायचं तर तारीख सांगून. येणार नसाल तर "आज आलो, पुन्हा येणार नाही" हे स्पष्ट सांगा. मुलांना ते चालतं. न पाळलेला शब्द चालत नाही.

कर्मचारी बदली झाले की समुपदेशकाला त्याच दिवशी कळवा. नाहीतर मूल सेशनमध्ये का पेटलंय हे तिला कळतच नाही, आणि ती त्याचा अर्थ खेळात शोधत बसते.

पूर्वभाग

दोन गोष्टी राहिल्यात, दोन्ही सोलापूरच्या.

एक, भाषा. आमच्या भागात घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दखनी, अक्कलकोटकडे कन्नड. मूल शाळेच्या भाषेत नीट बोलालंय म्हणून सगळं तिच्यातच येईल असं नाही. भीती, लाज, अवयवांची नावं घरच्या भाषेत असतात. समुपदेशकाला ती येत नसेल तर मुलाला त्याच भाषेत बोलू द्यावं, आवाजात, चित्रात दाखवू द्यावं, आणि दुभाषी लागलाच तर नातेवाईक, शेजारी किंवा त्याच समाजातला ओळखीचा कार्यकर्ता नको. ज्याच्यासमोर बोलायचं तो संध्याकाळी कट्ट्यावर भेटणार असेल तर मूल बोलणार नाही, आणि बरोबरच करतं.

दोन, पालकाची वेळ. विडी वळणारी आई माल देऊन आल्यावरच मोकळी होते, यंत्रमागावरचा बाप पाळीला बांधलेला. मोबदला नगावर. सकाळी अकराची वेळ दिली की तेवढी मजुरी बुडते, तिसऱ्या आठवड्याला गैरहजर. मग मुलाला काय कळतं? मॅडमने सोडलं, किंवा माझ्यामुळे घरात पैसे कमी. पहिल्याच भेटीत पालकाला विचारा: कुठल्या वारी, किती वाजता, मजुरी न बुडता येता येईल. दर आठवड्याला जमत नसेल तर पंधरवड्याला एकदा, पण न चुकता.

खेळखोली

@पूर्वभाग, शंभर टक्के. पालकाचं थोडं वाढवते. कोहेन, मॅनारिनो आणि डेब्लिंगर यांची आघात-केंद्रित वर्तनोपचार पद्धत ३ ते १८ वयासाठी आहे, साधारण १२ ते १६ सेशन, गुंतागुंत असेल तर २५ पर्यंत. तीत अत्याचार न करणारा पालक सुरुवातीपासून असतो. निम्मा वेळ मुलासोबत, निम्मा पालकासोबत. आधी श्वास, शरीर सैल सोडणं, भावनांची नावं, मग हळूहळू घडलेल्या गोष्टीची मांडणी, तीही मुलाच्या गतीने. घटनेकडे थेट उडी मारली की मूल यायचं थांबतं.

घरी रोज १० मिनिटं खास वेळ. मूल खेळ ठरवेल, पालकाने शिकवायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, मोबाइल बाजूला. हमखास चूक एकच: मुलाने त्रास दिला की "आज खेळ नाही". मग काळजी परत कमवायची गोष्ट झाली. शिक्षा वेगळी असू द्या, ती १० मिनिटं तोडू नका.

आणि ज्याने दुखवलं त्याच्याबद्दल घरात "राक्षस" म्हणणं थांबवा. मुलाला तो आवडतही असतो. आम्ही दोन डबे ठेवतो: एकात त्याच्याबद्दल आवडायचं ते, दुसऱ्यात नको वाटायचं ते, चिठ्ठ्या किंवा चित्रं. दोन्ही एकाच माणसाचे. पहिला डबा रिकामा करायला लावायचा नाही.

मास्तर_बार्शी

धन्यवाद, बरंच स्पष्ट झालं. शेवटचा प्रश्न: समुपदेशकच रजेवर गेली किंवा सेशन संपली तर? इतकं जुळल्यावर परत सोडून गेल्यासारखंच ना ते?

खेळखोली

सांगितलं नाही तर हो. रजा असेल तर किमान दोन सेशन आधी सांगायचं, कॅलेंडरवर मुलानेच खूण करायची, परत येण्याची तारीखही त्यानेच लिहायची. संक्रांतीच्या आठवड्यात गड्ड्यामुळे रस्ते बंद असतात, तेही आधीच धरा. आपण उशिरा पोचलो तर वाहतुकीचं पुराण नको: "मी उशिरा आले, ती माझी चूक. तुझी वेळ मी कापणार नाही." आणि मूल चिडलं तर चिडू द्या. मोठ्यांवर चिडूनही काळजी बंद होत नाही हे त्याला इथेच पहिल्यांदा कळू शकतं.

समाप्तीची तयारी शेवटच्या भेटीच्या चार ते सहा सेशन आधीपासून. उरलेल्या भेटी मोजायच्या. या काळात जुन्या तक्रारी परत येतात, अंथरूण ओलं होणं, चिकटणं, "मी अजून बरा नाही". घाबरून सेशन वाढवू नका. पालकांना आधीच कल्पना द्या. शेवटच्या भेटीत मुलाची चित्रं, तारखा घातलेले ते गोल, काय न्यायचं आणि काय इथे ठेवायचं ते मूल ठरवतं. नंतर गरज लागली तर कुणाला, कसं गाठायचं ते लिहून द्या, नुसतं "कधीही ये" नको.

काळा कोट

त्या कागदावर हेही लिहा: चाइल्डलाइन (मुलांसाठीची हेल्पलाइन) १०९८, टेली-मानस (मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६, दोन्ही मोफत. आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मनोधैर्य योजनेचा (अत्याचारपीडितांना राज्य सरकारची आर्थिक मदत) अर्ज झालाय का ते पालकांना विचारा, तक्रार नोंदवूनही तो बऱ्याचदा राहून जातो.